पाटीलबाबा महादजी शिंदे

१४ जानेवारी १७६१ चा दिवस मावळतीकडे झुकला होता. पानिपतच्या मैदानावर सकाळपासून चाललेली घनघोर लढाई संपली होती. आता उरले होते केवळ पळणारे आणि त्यांचा पाठलाग करणारे. दक्षिणेच्या वाटेने जीव घेऊन निघालेल्या हजारो माणसांत तिशीच्या आसपासचा एक मराठा सरदार होता. त्याची दक्षिणी घोडी चपळ खरी. पण दिवसभराच्या श्रमाने ती थकून गेली होती. एक धिप्पाड अफगाण स्वार मघापासून त्याच्या मागावर होता. सरदाराने घोडी भरधाव सोडावी, मागे वळून पाहावे, तो तो स्वार आपला तेवढ्याच अंतरावर दिसावा, असे कितीतरी वेळ चालले. अखेर एका चरात घोडी कोसळली. पाठलाग करणाऱ्याने सरदाराला गाठले, कुऱ्हाडीचा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि घोडी घेऊन तो चालता झाला. घायाळ सरदार रक्ताच्या थारोळ्यात तसाच पडून राहिला.

हा सरदार म्हणजे महादजी शिंदे. पुढे दिल्लीच्या बादशाहीचा सारा कारभार ज्याच्या शब्दावर चालायचा होता, तो पुरुष त्या संध्याकाळी एका चरात पडून मरणाची वाट पाहत होता. त्या पाठलागाचा त्याच्या मनावर इतका खोल ठसा उमटला होता, की पुढे अनेक वर्षांनीही तो अफगाण स्वार आपल्या स्वप्नात येतो, असे तो सांगत असे म्हणतात.

मरण आले नाही, कारण त्या वाटेने राणेखान नावाचा एक भिस्ती चालला होता. भिस्ती म्हणजे सैन्याला कातड्याच्या पखालीतून पाणी पुरविणारा माणूस. फौजेत त्याला ना मान, ना मनसब. जो तो आपला जीव वाचविण्याच्या घाईत असताना हा गरीब मनुष्य थांबला. त्याने घायाळ महादजीला उचलले, आपल्या बैलावर घातले आणि लपतछपत, शत्रूच्या टोळ्या चुकवीत त्याला दक्षिणेस सुखरूप आणून पोहोचविले. महादजीचा पाय मात्र कायमचा अधू झाला. त्या दिवसापासून तो राणेखानाला भाई म्हणू लागला. हे नाते केवळ तोंडदेखले नव्हते. राणेखानाचे नाव आपल्याला या कथेत पुन्हा भेटणार आहे.

शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. तेथील पाटीलकी त्यांच्या घराण्यात होती. महादजीचा बाप राणोजी हा पहिल्या बाजीरावांच्या पदरी लहानशा चाकरीपासून वाढत वाढत माळव्याचा मोठा सरदार झाला. राणोजी बाजीरावांच्या जोड्यांची राखण करीत असे, आणि एकदा ते जोडे छातीशी घट्ट धरून तो झोपी गेलेला पाहून बाजीराव प्रसन्न झाले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, शिंद्यांच्या घरात ती अभिमानाने सांगितली जाई. महादजीनेही ती कधी लपविली नाही.

राणोजीचे मुलगे एकाहून एक पराक्रमी निघाले आणि रणातच संपले. थोरला जयाप्पा १७५५ मध्ये मारवाडात नागोरच्या वेढ्याच्या वेळी दग्याने मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर अब्दाली व नजीबखान यांच्या फौजांशी लढताना पडला. त्यानंतर एकच वर्ष लोटले आणि पानिपत झाले. तेथे महादजीचा सख्खा भाऊ तुकोजी कामास आला, आणि जयाप्पाचा कोवळ्या वयाचा मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. सहा वर्षांत भरले घर रिकामे झाले. मागे राहिला तो एक महादजी, आणि तोही लंगडा.

पानिपतावर आपला पराभव का झाला, याचा विचार त्या पिढीतील अनेकांनी केला. मराठे शूर नव्हते म्हणून हरले, असे शत्रूनेही म्हटले नाही. आपल्या फौजेची रसद महिनोनमहिने तुटली होती; माणसे व जनावरे उपाशी होती. परंतु आणखीही एक कारण होते. आपल्या सैन्यात इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी फिरंगी रीतीने शिकविलेल्या होत्या. त्या रांगा धरून, तोफांच्या आधाराने, हुकमासरशी पुढे सरकत. आणि त्यांनी त्या दिवशी सकाळी शत्रूची एक बाजू मोडून काढलीही. पण आपल्या घोडदळाची परंपरा निराळी होती. अचानक छापा घालावा, लुटावे, वाऱ्यासारखे निघून जावे, हा त्यांचा हातखंडा. पायदळ, तोफा आणि घोडदळ या तिघांनी एका मनाने लढावे, एकाने दुसऱ्याची पाठ राखावी, ही शिस्त आपल्या फौजेत मुरलेली नव्हती. महादजीने हा धडा घेतला. तो घ्यायला त्याला बरीच वर्षे लागली, आणि मध्यंतरी ठेचाही लागल्या. शहाणपण एका रात्रीत येत नसते. मोठ्या माणसांनाही नाही.

पानिपतानंतर पहिली काही वर्षे तर त्याला आपल्या घराच्या सरदारकीसाठीच झगडावे लागले. घराण्यात वारसाचा वाद होता. रघुनाथरावदादांचा कल महादजीकडे नव्हता. शेवटी १७६८ च्या सुमारास थोरल्या माधवराव पेशव्यांनी महादजीची योग्यता ओळखून शिंद्यांच्या दौलतीवर त्याचा हक्क मान्य केला.

पुढच्याच वर्षी माधवरावांनी उत्तरेकडे मोठी फौज रवाना केली. तीत महादजी होता. पानिपतावर गेलेली पत परत मिळवावयाची, हा त्या मोहिमेचा हेतू. फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. त्या वेळी बादशहा शाहआलम दिल्लीत नव्हताच. बक्सारच्या लढाईनंतर तो इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहत होता आणि बंगालची दिवाणी त्याने कंपनीला देऊन टाकली होती. मराठ्यांनी त्याला इंग्रजांकडून आपल्याकडे वळविले, आणि जानेवारी १७७२ मध्ये तो त्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत शिरला. ज्या वाटेने अकरा वर्षांपूर्वी महादजी बैलावर पडून गेला होता, त्याच मुलखात तो आता बादशहाला तख्तावर बसविण्यासाठी आला होता.

पण हे यश पदरात पडते न पडते तोच पुण्यात अनर्थ घडले. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले. पुढच्या वर्षी ऑगस्टात त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. पेशवाईच्या लोभाने रघुनाथराव मुंबईच्या इंग्रजांना जाऊन मिळाले. नाना फडणीस आणि इतर मुत्सद्दी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला, सवाई माधवरावाला, गादीवर बसवून कारभार पाहू लागले. महादजीने त्या बाळाची बाजू घेतली.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना घेऊन पुण्याकडे निघाले. सुमारे चार हजार सैन्य आणि सामान वाहण्यास १९,००० बैल, असा तो काफिला पनवेलहून निघून बोरघाट चढला. एवढे लटांबर घेऊन चालणारी फौज ती किती वेगाने चालणार! मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. त्यांनी वाटेतले दाणावैरण नाहीसे केले, पिछाडीवर घोडदळ सोडले, आणि इंग्रजांना पुढे येऊ दिले. तळेगावास पोहोचून इंग्रज पाहतात तो गाव जाळून ओस पाडलेले. पुण्याचीही तीच गत होणार, हे त्यांच्या ध्यानी आले. रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते माघारी वळले. पण मराठे जागेच होते. वडगावाजवळ महादजी, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजांनी त्यांना पुरते कोंडले, आणि जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरणागतीचा करार लिहून द्यावा लागला.

कोंडलेली ती फौज महादजीने जाऊ दिली, याबद्दल त्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. सुटका होताच इंग्रजांनी तो करार झुगारून दिला, हे पाहता त्या टीकेत तथ्य आहे असे म्हणावे लागते. रघुनाथरावही त्याच्या हातून निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. दुसरीकडे कंपनीने महादजीच्याच मुलखावर घाव घातला. ऑगस्ट १७८० मध्ये पॉफम नावाच्या इंग्रज सरदाराने रात्रीच्या काळोखात शिड्या लावून ग्वाल्हेरचा अजिंक्य समजला जाणारा किल्ला घेतला. पुढच्या वर्षी माळव्यात कंपनीच्या शिपायांशी महादजीचे सामने झाले, आणि एकदा तर त्यांनी रात्री त्याच्या तळावर छापा घालून तोफा व सामान नेले. छाप्याची विद्या ज्यांची, त्यांच्यावरच छापा पडला! ते शिपाई कोणी विलायतेहून आलेले नव्हते. ते याच देशातले शेतकऱ्यांचे मुलगे होते. फरक होता तो शिक्षणाचा, शिस्तीचा आणि वेळच्या वेळी मिळणाऱ्या पगाराचा. महादजीने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

तरीही त्याने धीर सोडला नाही. लढत राहिला, आणि बोलणीही करीत राहिला. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे इंग्रज आणि पेशवे यांच्यात तह झाला, तो महादजीच्या मध्यस्थीने. तहाच्या पालनाची हमी दोन्ही बाजूंना त्यानेच दिली. इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडली. पुढे वीस वर्षे इंग्रज व मराठे यांच्यात युद्ध झाले नाही. ग्वाल्हेरचा किल्ला तेवढ्यात इंग्रजांनी गोहदच्या राण्याला दिला होता. तो महादजीने १७८३ मध्ये वेढा घालून परत घेतला.

या सुमारास एक युरोपीय शिपाईगडी हिंदुस्थानात नशीब काढीत हिंडत होता. त्याचे नाव बन्वा द ब्वान्य. आपल्या लोकांनी त्याला डिबॉइन म्हटले. तो आल्प्स पर्वताच्या कुशीतील सॅव्हॉय प्रांताचा. त्याने फ्रान्सच्या राजाची चाकरी केली होती, रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढून कैद भोगली होती, आणि मद्रासेस कंपनीच्या फौजेतही तो काही दिवस होता. महादजी गोहदच्या राण्याशी लढत असताना या माणसाने राण्याला मदत करण्याचा एक धाडसी बेत रचला होता. बेत फसला, पण महादजीच्या कानावर तो गेलाच. दुसरा कोणी असता तर त्याने अशा माणसाला पकडून कैदेत टाकले असते. महादजीने १७८४ मध्ये त्याला आपल्या नोकरीत घेतले आणि फिरंगी पद्धतीच्या दोन पलटणी उभ्या करण्याचे काम सांगितले.

त्याच वर्षाच्या अखेरीस शाहआलमने महादजीला आपल्या कारभाराची सारी सूत्रे दिली. वकील-इ-मुत्लक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद पेशव्यांच्या नावे मिळाले आणि महादजी त्यांचा नायब झाला. आग्रा, दिल्ली, मथुरा हा सारा प्रदेश त्याच्या हुकमाखाली आला. अधिकार फार मोठा; पण खजिना रिता. बादशहाच्या जुन्या फौजा पोसावयाच्या, मोगल उमरावांची मने राखावयाची, आणि तीही खडखडाटात. याचा परिणाम व्हायचा तो झाला.

जयपूरकरांकडे खंडणीची मोठी बाकी होती. ती वसूल करण्यासाठी १७८७ मध्ये महादजी राजस्थानात शिरला. जुलैच्या अखेरीस लालसोटजवळ जयपूर व जोधपूरच्या सैन्याशी त्याची गाठ पडली. राठोडांचे घोडदळ म्हणजे मूर्तिमंत आवेश. ते डिबॉइनच्या पलटणींवर तुटून पडले. पलटणींनी चौकोन बांधला आणि प्राण गेला तरी रांग सोडावयाची नाही, या निश्चयाने बंदुकांचा मारा चालू ठेवला. राठोडांची लाट फुटली. त्या दिवशी कोणाचाच पुरा जय झाला नाही. पण महादजी हटलाही नव्हता. घात झाला तो पुढे दोन दिवसांनी. त्याच्या छावणीतील बादशाही पलटणींचा पगार कित्येक महिने थकला होता. त्या पलटणी तोफा घेऊन सरळ शत्रूला जाऊन मिळाल्या.

महादजीच्या आयुष्यातील हा दुसरा मोठा प्रसंग. पहिल्या खेपेस फौज फुटून धूळधाण झाली होती. या खेपेस त्याने तसे होऊ दिले नाही. उरलेली माणसे एकत्र ठेवून, रोज थोडे थोडे मागे सरत, पाठलाग करणाऱ्यांना तोंड देत त्याने सैन्य सहीसलामत बाहेर काढले. पण दिल्ली गेली, अलीगड गेले, चंबळेच्या अलीकडे येऊन त्याला थांबावे लागले. आग्र्याचा किल्ला तेवढा त्याचा सरदार लखबादादा लाड महिनोनमहिने वेढा सोसून लढवीत होता. महादजी पुण्यास मदतीसाठी पत्रांवर पत्रे पाठवी. मदत येण्यास फार उशीर लागला. नाना आणि महादजी यांच्यात तेव्हापासून पडलेले अंतर पुढे पुरतेपणी कधी बुजले नाही. दोघेही स्वराज्याचे खंदे आधार, परंतु एकमेकांविषयी साशंक. ही आपल्या इतिहासातील एक दुःखाची गोष्ट आहे.

जून १७८८ मध्ये आग्र्याजवळ महादजीच्या सैन्याने इस्माइलबेगाचा पराभव करून तो वेढा उठविला. इतक्यात दिल्लीत भयंकर प्रकार घडला. नजीबखानाचा नातू गुलाम कादर लाल किल्ल्यात शिरला. गुप्त धन कोठे आहे ते सांग, म्हणून त्याने बादशहाचे हाल केले, शाहजाद्यांना व स्त्रियांना छळले, आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी वृद्ध शाहआलमचे डोळे काढले.

महादजीने दिल्लीवर फौज पाठविली. त्या फौजेचा सेनापती कोण असेल? तोच राणेखान भिस्ती. सत्तावीस वर्षांपूर्वी पखाल वाहणारा तो माणूस आता महादजीच्या मोठ्या सरदारांपैकी एक होता, आणि ते केवळ उपकाराची फेड म्हणून नव्हे, तर आपल्या कर्तबगारीने. त्याने दिल्ली घेतली आणि आंधळ्या बादशहाला धीर देऊन पुन्हा मानाने बसविले. गुलाम कादर मेरठच्या किल्ल्यात जाऊन बसला. तेथे मराठ्यांनी त्याला वेढले. एका रात्री तो थोड्या स्वारांनिशी निसटला. पण अंधारात त्याचा घोडा विहिरीजवळच्या खड्ड्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला. नजीबखानाने अब्दालीला हिंदुस्थानात बोलावून आणले होते. दत्ताजी व जनकोजी यांच्या मृत्यूला तोच मुख्यतः कारण झाला होता. त्याचा नातू आता महादजीच्या छावणीत कैदी म्हणून आणला गेला. १७८९ च्या मार्चमध्ये त्याला देहान्त शासन झाले. ते शासन फार क्रूर रीतीने झाले, हे सांगितले पाहिजे. तो काळच तसा होता. तरी वाचताना अंगावर काटा येतो.

लालसोटाचा धडा महादजी विसरला नाही. डिबॉइन मध्यंतरी नोकरी सोडून गेला होता. त्याला पुन्हा बोलावून त्याने दोन पलटणींच्या जागी पलटणींचा मोठा कंपू उभारण्यास सांगितले, आणि पुढे असे तीन कंपू झाले. अलीगडच्या आसपासचा सुपीक मुलूख या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला, म्हणजे शिपायाचा पगार थकण्याचे कारण उरू नये. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. त्यावर सँगस्टर नावाचा एक स्कॉटलंडचा माणूस नेमला होता. या फौजेत एक गोष्ट अशी होती, की जी त्या काळी देशी सैन्यात सहसा आढळत नसे: लढाईत जखमी झालेल्या शिपायाला वेगळी रक्कम मिळे, आणि जो कायमचा अधू होई त्याच्या पोटापाण्याची तरतूद होई. धन्याचा स्वतःचा पाय पानिपतावर अधू झालेला होता, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१७९० मध्ये या नव्या फौजेची कसोटी लागली. २० जूनला पाटण येथे आणि १० सप्टेंबरला मेडता येथे तिने जयपूर-जोधपूरच्या सैन्यांवर मोठे विजय मिळविले. मेडत्यास राठोडांचे काही स्वार पराभव डोळ्यांसमोर दिसत असूनही मरेपर्यंत तोफांवर चालून आले. त्यांच्या शौर्यापुढे कोणाचीही मान लवावी. पण एकट्या शौर्याने लढाई जिंकण्याचे दिवस संपले होते.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्यास आला. बादशहाने पेशव्यांसाठी दिलेली वस्त्रे आणि सनदा त्याला समारंभाने अर्पण करावयाच्या होत्या. सवाई माधवराव आता अठरा वर्षांचे झाले होते. उत्तर हिंदुस्थानचा सूत्रधार येणार, म्हणून सारे पुणे पाहण्यास लोटले. महादजी हत्तीवरून खाली उतरला, पायी चालत दरबारात आला आणि सर्व मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसला. मग त्याने बरोबरचे गाठोडे सोडले. त्यातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पुढे ठेवले आणि त्यांचे जुने जोडे काखेत घेतले. आपल्या बापाची चाकरी हीच होती आणि आपलीही हीच आहे, असे त्याने नम्रपणे सांगितले. स्वतःला तो पाटील म्हणवून घेई, आणि लोकही त्याला पाटीलबाबा म्हणत.

हे सारे दिखाऊ होते, असे त्या वेळीही काही जण म्हणाले. महादजी धोरणी होता, हे खरे; तरुण पेशव्यांचे मन आपल्याकडे ओढावे हा हेतू त्यात नसेल असे नाही. परंतु ज्याने भिस्त्याला भाई मानले आणि शेवटपर्यंत तसेच वागविले, त्याची नम्रता केवळ सोंग होती असे म्हणणे जड जाते. त्याचे गुरू बीडचे मन्सूरशाह नावाचे फकीर होते. मथुरा-वृंदावनाचा त्याला विशेष लळा, आणि कृष्णभक्तीची पदेही तो रचीत असे.

पुण्यातील त्याचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. उत्तरेच्या मोहिमांत त्याच्यावर डोंगराएवढे कर्ज झाले होते. त्या हिशोबांवरून नाना फडणीसाशी बोलाचाली होत. तिकडे राजस्थानात शिंदे व होळकर यांच्या फौजांत बेबनाव वाढून १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या खिंडीत दोघांची लढाई झाली. डिबॉइनच्या कंपूने होळकरांच्या कवायती पलटणी जवळजवळ साफ बुडविल्या. दोन्हीकडे कवायती फौज, दोन्हीकडे तोफा, आणि दोन्हीकडे झेंडे एकाच राज्याचे. वडगावास जे दोन सरदार खांद्याला खांदा लावून लढले, त्यांच्याच या फौजा होत्या. महादजीच्या साऱ्या विजयांत हा एक विजय झाला नसता, तर बरे झाले असते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत ज्वराने महादजीचे निधन झाले. त्याला पुत्र नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव, वयाने अगदीच पोर, त्याचा वारस झाला. वानवडीस जेथे महादजीचे दहन झाले तेथे आज शिंद्यांची छत्री उभी आहे.

दौलतरावाला ती दौलत सांभाळता आली नाही. महादजीच्या व्यवस्थेतही एक उणीव राहून गेली होती: कंपूंचे वरचे सारे अंमलदार परदेशी होते, आपल्या माणसांतून ते तयार केले गेले नव्हते. डिबॉइन आजारपणामुळे नोकरी सोडून आपल्या देशी परत गेला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू होताच बाकीचे बहुतेक फिरंगी अंमलदार शिंद्यांना सोडून गेले. १ नोव्हेंबर १८०३ रोजी राजस्थानात लासवारीच्या मैदानावर इंग्रज सेनापती लेक याची त्या पलटणींशी गाठ पडली, तेव्हा त्यांना हुकूम देणारे जुने सरदार जागेवर नव्हते आणि धनी दूर दक्षिणेत होता. लेकला वाटले होते की ही फौज आता वाट फुटेल तिकडे पळेल. पलटणी पळाल्या नाहीत. त्यांनी रांगा धरल्या, तोफांभोवती ठाण मांडले, आणि बहुतेक शिपाई आपापल्या तोफेशीच पडले.